कोचसाहेबांविरुद्धचे मुद्दे

चंदीगडला आमच्या घरात फोन होता. त्याचं कौतुक वाटायच्या आतच तो डोक्याला ताप होऊन बसला. मी सेक्टर ३२च्या हॉस्पिटलमध्ये रक्तपेढीत डॉक्टर होते. हॉस्पिटल नवीन होतं आणि पंजाबात अतिरेक्यांचा काळ होता, रोज कुठे ना कुठे गोळ्या चालत होत्या. कधी किती जखमी येतील याचा नेम नसायचा, म्हणून मला घरी फोन लवकर मिळाला. एरवी त्या काळी माणसं नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत. सेक्टर २२मध्ये बाजाराच्या मागच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. फोन आमच्याकडे आला आणि बघता बघता गल्लीचा झाला. ज्यांच्याकडे फोन नाही ते ओळखीपाळखीच्या लोकांना शेजारच्यांचा नंबर देऊन ठेवत. त्याला पी. पी. नंबर म्हणत. आम्ही किती जणांचे पी. पी. होतो हे आम्हालाही माहीत नव्हतं.

तर फोन वाजला की दोनच शक्यता असायच्या. एक तर रक्त पाहिजे असायचं, नाहीतर जिन्यात उभं राहून कुणाला तरी हाक मारायची असायची. हाक मारायची आहे म्हटलं की मला हायसं वाटायचं. पुढे पुढे तेही वाटेनासं झालं.

खालच्या मजल्यावर कोचसाहेब राहायचे. पन्नाशी ओलांडलेले सरदारजी, उंच, गुडघे पार झिजलेले. तरुणपणी फौजेच्या टीमकडून फुटबॉल खेळले होते आणि आता इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्याच्या टीमचे कोच होते. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून परप्रांतात गेली होती. इकडची परिस्थिती बघून त्यांनीच तिला परत येऊ दिलं नव्हतं. एकटेच स्वयंपाक करायचे आणि डाळ चांगली झाली की वाटी वर पाठवायचे. माझा नवरा त्याच कारखान्यात इंजिनियर होता.

आम्ही दोघं कोल्हापूरचे. उरलेल्या महाराष्ट्राला फुटबॉल म्हणजे वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचा खालचा कोपरा. आमच्याकडे पेठेविरुद्ध पेठ सामना असला की घरातली म्हातारी माणसंसुद्धा आमटीत मीठ नाही हे सांगायचं विसरतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा दुसऱ्या पेठेतला आहे म्हणून माझा भाऊ कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. चंदीगडमध्ये मराठी माणसं बरीच होती. हॉस्पिटलमधले डॉक्टर, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, फौजेतली कुटुंबं. पण ती गणपतीत भेटली की बोलायची बदल्यांबद्दल आणि क्रिकेटबद्दल. फुटबॉलची तहान भागवायला नवऱ्याला कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवरच जावं लागायचं.

तिथे रोज दरबार भरायचा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी गेटवरच्या काळ्या फळ्यावर कोचसाहेब स्वतःच्या हातानं खडूनं अकरा नावं लिहायचे आणि वळून निघून जायचे. त्यांची पाठ फिरली की टपरीवर तोंडं सुटायची. त्यात पुढारी होता आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर. त्यानं आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नसावा, पण कोण फॉर्मात आहे आणि कोणाचा फॉर्म गेला हे तो वैद्यानं नाडी बघावी तसं सांगायचा. माझा नवरा म्हणायचा, माणूस तोंडाळ आहे पण त्याला खेळ कळतो. नवऱ्याच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही. कोचसाहेबांना तर तो देवच मानायचा. त्यांनी मध्यंतरानंतर एखादा खेळाडू बदलला की घरी येऊन मला वाट्या-चमचे मांडून दाखवायचा.

त्या हंगामात टीममध्ये नवा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या बगलेनं पुढे खेळणारा पोरगा आला, तरनतारनकडच्या एका खेड्यातला. पहिले दोन-तीन सामने तो वाऱ्यासारखा खेळला आणि मग काय झालं देव जाणे, त्याचे पायच बांधल्यासारखे झाले. मोकळा चेंडू रेषेबाहेर मारायचा, क्रॉस द्यायचा तो गोलमागच्या झाडीत. टपरीवर रोज त्याच्या नावानं शिमगा. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेल्या पोरांना हंगामभर खेळवलं तरच कारखाना कायम करायचा, म्हणून एखाद्याला बसवणं हे नुसतं बसवणं नसायचं. तरीही कोचसाहेब त्याला बसवणार हे सगळे धरून चालले होते. फॉर्म गेला की नाव फळ्यावरून जाणार, हा त्यांचा नियमच होता. कप्तानालाही त्यांनी कधी सोडलं नव्हतं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी घरी होते आणि फोन वाजला. आवाज तरुण होता आणि अतिशय अदबशीर. "भैणजी, नीचे कोच साब नूं बुला देओगे?" मी जिन्यातून हाक मारली. कोचसाहेब गुडघे धरत वर आले, रिसीव्हर कानाला लावला आणि नुसते "हां जी, हां जी" म्हणत राहिले. मी स्वयंपाकघरात होते. हां जी म्हणताना माणसाचा आवाज इतका खाली जातो हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागितलं. ते प्याले नाहीत, ग्लास धरून बसून राहिले.

नवरा घरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण फोन आमच्या घरातला होता आणि तो पुन्हा वाजणार होता. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नव्हतं. कुठल्या अतिरेकी संघटनेचा तेवढं सांगितलं होतं, आणि एवढंच म्हणाला होता की मुंडा खेडेगा. मुलगा खेळेल. हंगाम संपेपर्यंत त्याचं नाव फळ्यावर राहील. नाही राहिलं तर कोचसाहेब सकाळी कुठल्या रस्त्यानं गुरुद्वारात जातात हे त्यांना माहीत होतं. रस्ता त्यानं अगदी बरोबर सांगितला होता.

पोलिसांत जाऊ या असं मी म्हटलं. कोचसाहेबांनी नको म्हणून हात हलवला. अशा किती जणांनी पोलिसांत सांगितलं आणि त्यांचं पुढे काय झालं हे माझ्या रक्तपेढीला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. त्या पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या गावचा कुणीतरी गावचं भलं करायला निघाला होता, एवढाच अंदाज बांधता येत होता. कोचसाहेबांनी आम्हाला शपथ घातली की हे या खोलीबाहेर जाणार नाही. जिवाचा प्रश्न होता आणि जीव त्यांचा होता. आम्ही कबूल केलं.

त्या दिवसापासून फळ्यावर लेफ्ट आउटचं नाव कायम झालं आणि टपरीवर आग लागली. हरलो की आग, बरोबरीत सुटलो की आग. स्टोअरकीपर म्हणायचा की पोरगा कोचचा जावई होणार असेल. एकदा तो पोरगाच कोचसाहेबांच्या दारात येऊन उभा राहिला. मी जिन्यातून उतरत होते. तो म्हणत होता, मला बसवा, माझ्याच्यानं होत नाही, प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून मला झोप लागत नाही. कोचसाहेबांनी त्याला खेकसून हाकलून दिलं. मग दार लावून घेतलं. मी पायऱ्यांवर तशीच उभी राहिले, कारण आतून त्यांचा वाहेगुरू वाहेगुरू असा आवाज येत होता.

माझ्या नवऱ्याला हे सगळं सहन होईना. रोज टपरीवर बसून आपल्या देवाला शिव्या पडताना ऐकायच्या आणि खरं कारण पोटात ठेवून चहा प्यायचा. त्यात धोका वेगळाच होता. लोकांनी फारच आरडाओरडा केला, मॅनेजमेंटनं दटावलं आणि पोराला बसवावंच लागलं तर? मग त्यानं एक युक्ती काढली, जी फक्त फुटबॉलवेड्या माणसालाच सुचू शकते. त्यानं ठरवलं की पोराचा फॉर्म चांगलाच आहे हे टपरीला पटवून द्यायचं.

आणि तो कामाला लागला. म्हणे, पोरगा चेंडू घालवतो हे दिसतं, पण दोन-दोन बचावपटूंना तो आपल्याकडे ओढून ठेवतो हे कुणाला दिसत नाही. म्हणे, चेंडूला न शिवता खेळणं ही सगळ्यांत अवघड कला आहे. म्हणे, तो धावतो ते मोकळ्या जागेत. तिथे चेंडू पोचत नाही हा त्याचा दोष कसा? मी घरी म्हटलं, अहो, त्याच्यापेक्षा गोलचा खांब जास्त हलतो. नवरा म्हणाला, "गप गं. निम्मे लोक ऐकाय लागलेत."

ते खरं होतं. सुरुवातीला त्याची टर उडवली. मग काही जण मान डोलवू लागले. कोल्हापूरच्या माणसानं फुटबॉलवर रोज संध्याकाळी भाषण दिलं तर कारखान्यातला माणूस किती दिवस तग धरणार? इकडे मी मात्र आतून पोखरले जात होते. नवरा स्कूटरवरून येईपर्यंत खिडकीशी उभी राहायची. बाजार अंधार पडायच्या आत बंद व्हायचा, चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, नाक्यावर पोलीस डिकी उघडायला लावायचे. फोन वाजला की मी हात पुसत धावत जाऊन उचलायची. रक्त पाहिजे असलं तर मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. दुसऱ्या कुणाला तरी गोळी लागलेली आहे आणि आपण आभार मानतोय, याची मला अजून लाज वाटते.

मग तो दुसरा फोन आला. तोच अदबशीर आवाज, भैणजी तकलीफ माफ करना. कोचसाहेब वर आले, ऐकत राहिले. या वेळी हां जी म्हणाले नाहीत. फोन ठेवून आमच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले की आता एक नाही, तीन. आणखी दोन मुलं येतील, त्यांनाही खेळवायचं. उद्या पाच सांगतील. "पुत्तर, ग्यारह तक पहुँचने में कितनी देर लगती है?" असं मला विचारलं. मग म्हणाले, नाही म्हटलं तर ते सोडणार नाहीत, पळून गेलो तर पळाला म्हणून मागे येतील, आणि हो म्हणणं आता माझ्याच्यानं होणार नाही. हे बोलताना त्यांचा हात दाढीवरून नुसता फिरत होता.

अशा वेळी नवरा घरात शिरला. त्याचाही चेहरा उतरलेला. स्कूटरची किल्ली हातात तशीच धरून तो भिंतीला टेकला आणि कोचसाहेब बसलेत हे न बघता मला म्हणाला, "अगं, मी गेलो पोरग्याला वाचवाय, आन् सगळी कोचसाहेबांच्या अंगावर आली."

झालं असं होतं की त्याचं म्हणणं टपरीला पटलं होतं. पूर्ण पटलं होतं. स्टोअरकीपरनं उभं राहून जाहीर केलं होतं की इंजिनियरसाहेब बरोबर बोलत होते, मुलगा हिरा आहे, त्याला खेळवायचं कसं हे कोचलाच कळत नाही. दोष पोराचा नाही, कोचचा आहे. फळ्यावर कुणीतरी खडूनं कोच हटाओ लिहिलं होतं. शिष्टमंडळ घेऊन मॅनेजमेंटकडे जायचं ठरलं होतं आणि त्याचं पुढारपण कुणी करायचं, तर ज्यानं डोळे उघडले त्यानं. म्हणजे माझ्या नवऱ्यानं.

खुर्चीतून आवाज आला म्हणून आम्ही दोघं वळलो. कोचसाहेब हसत होते. कित्येक आठवड्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आणि आता ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. नवऱ्याला वाटलं माणसाचं डोकं फिरलं. मग ते शांतपणे म्हणाले, "ये काम आप ही करो जी. मुझे निकलवा दो."

त्यांनी समजावून सांगितलं. ते स्वतः सोडून गेले तर तो नकार ठरेल. मॅनेजमेंटनं हाकललं तर ते नुसते एक नालायक कोच ठरतील. नालायक माणसाला कोण मारतो? आणि त्यांच्या जागी नवा कोच नको, पाच जणांची निवड समिती मागा. एका माणसाला फोन करता येतो, समितीला कुणी करत नाही. मॅनेजमेंटमध्ये त्यांना मानणारे वरिष्ठ होते, तक्रारीत दम नसेल तर ते ऐकणार नाहीत. म्हणून तक्रार पक्की पाहिजे, माणसं खरोखर चिडलेली पाहिजेत आणि बोलणारा खेळ कळणारा पाहिजे.

नवरा नाही म्हणाला. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं की तुमचं प्रेम राहू दे बाजूला, त्यांना जिवंत जाऊ द्यायचं आहे. तो बाहेर गेला आणि हो म्हणाला.

त्यानंतरचे काही दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जे चाललं ते मी कधी विसरणार नाही. खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि कोचसाहेब नवऱ्याकडून स्वतःविरुद्धचे मुद्दे घोटून घेत होते. ते हाडाचे कोच होते, अर्धवट काही चालत नसे. पहिला मुद्दा, कोच म्हातारा झाला, मैदानावर पोरांबरोबर धावत नाही. दुसरा, फौजेतल्या जमान्याचा खेळ शिकवतो, जग पुढे गेलं. तिसरा, मध्यंतरानंतर खेळाडू बदलायला उशीर करतो. इथे नवरा उसळून म्हणाला की हे साफ खोटं आहे, अमक्या सामन्यात तुम्ही मधला हाफबॅक बदललात म्हणून तर आपण जिंकलो. कोचसाहेब म्हणाले, तो सामना मॅनेजमेंटला आठवत नाही, तुम्ही आठवून देऊ नका. मग परत पहिल्यापासून. आवाजात दम नाही म्हणायचे. खाली बघून बोलू नका, ज्याला काढायचं त्याच्या डोळ्यांत बघून बोला. मी पोळ्या लाटत ऐकत होते. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

शेवटचा मुद्दा आला तेव्हा मात्र सगळं थांबलं. कोचसाहेब म्हणाले, आता सांगा की कोच डरपोक आहे. एक गोल झाला की सगळ्यांना मागे बोलावतो, टीमला भिऊन खेळायला लावतो.

नवरा म्हणाला, "हे मी बोलणार नाही." तो हिंदीत बोलायचं विसरला होता.

त्यांना कळलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाकी सब झूठ है. यही एक सच्चा है. इसलिए इसी को सबसे ज़ोर से कहना." मी लाटणं खाली ठेवलं. त्या माणसानं पहिल्या फोनला हां जी म्हटलं होतं ते त्याला आत कुठे लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला त्यांना सांगावंसं वाटलं की तुम्ही भ्यालात म्हणून तुम्ही डरपोक होत नाही, आम्ही सगळेच भ्यालोय. पण असं तोंडावर बोलायची सवय नसते. मी त्यांच्या ताटात गरम पोळी वाढली.

बैठकीला मी नव्हते. नवऱ्यानं सांगितलं ते एवढंच, की स्टोअरकीपर आणि इतर भिंतीशी उभे होते, मॅनेजमेंटचे साहेब टेबलापलीकडे, आणि कोचसाहेबांना समोरच खुर्ची दिली होती. नवरा एकेक मुद्दा मांडत गेला. जमत होतं. डरपोक या शब्दाशी आला आणि त्याची जीभ अडकली. खोलीत सगळे वाट बघायला लागले. कोचसाहेबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, सरावाच्या वेळी चुकलेल्या पोराकडे बघावं तसं. मग नवरा बोलला. इतक्या जोरात बोलला की बाहेरच्या शिपायानं दार उघडून आत बघितलं. साहेबांनी कोचसाहेबांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? ते म्हणाले, "नहीं जी. लोग खेल समझते हैं."

समिती मंजूर झाली. महिनाअखेरपासून कोचसाहेबांची सुट्टी झाली. बाहेर आल्यावर टपरीवाल्यांनी नवऱ्याला खांद्यावर उचललं, जिलेबी वाटली, फळा पुसून टाकला. स्टोअरकीपरनं त्याला मिठी मारली आणि म्हणाला की आज कारखान्याची सुटका झाली. खरं म्हणजे तो माणूस मनापासून बोलत होता. त्याच्या टीमचं भलं व्हावं असंच त्याला वाटत होतं. नवऱ्याला जिलेबी खावीच लागली. घरी येऊन तो बाथरूममध्ये गेला आणि सगळं ओकून टाकलं. त्या दिवसानंतर तो त्या टपरीवर कधी गेला नाही. टपरीवाले समजले की इंजिनियरला आता गर्व झाला.

एवढं होऊनही आम्हाला चैन नव्हतं. मॅनेजमेंटनं विश्वास ठेवला, टपरीनं ठेवला. तो अदबशीर आवाज ठेवेल का, हे कुणाला ठाऊक होतं? कोचसाहेब सामान बांधत होते आणि मी प्रत्येक फोनला आधी थोडं वाजू देऊन मग उचलत होते, जणू तेवढ्यात तो गप्प होईल.

रविवारी सकाळी त्यांचा टेंपो आला. लोखंडी ट्रंक, कॉट, भांड्यांचं पोतं चढवून झालं. ते आमचा निरोप घ्यायला वर आले. नवरा टेंपोवाल्याला दोरी बांधायला मदत करत खाली होता. मी चहा ठेवते म्हटलं, ते नको म्हणाले, नाक्यावर वेळ जातो, मुलीकडे उजेडात पोचलं पाहिजे. हातात एक पिशवी होती. आणि फोन वाजला.

मी उचलला. "भैणजी, कोच साब हैगे ने?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी म्हणाले, "वो तो नहीं हैं जी. उनको कारखाने ने निकाल दिया."

"सुना है," तो म्हणाला. "सच में निकाला है, या कोई ड्रामा है?"

"सच में निकाला है."

"क्यों निकाला?"

माझा सराव कुणी घेतला नव्हता. पण इतक्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत ऐकलं होतं, ते सगळं आपोआप तोंडात आलं. म्हातारे झाले होते, मी म्हणाले. जुना खेळ शिकवायचे. पोरं ऐकत नव्हती. माझ्यासमोर हातभर अंतरावर ते उभे होते आणि प्रत्येक वाक्याला हळूच मान डोलवत होते.

"और?" तो म्हणाला.

कोचसाहेबांनी मोकळा हात उचलून वर केला. जोरात, असं सांगत होते.

"डरपोक थे जी," मी म्हणाले. मला वाटलं त्याहून ते मोठ्यानं निघालं. "बहुत डरपोक थे."

पलीकडून एक सुस्कारा आला. "हां जी, ये बात तो है. मैंने भी देखा था मैच. मुंडे को सारा टाइम पीछे बुलाता रहा. टीम का सत्यानाश कर दिया." म्हणजे तो मैदानावर आला होता. आमच्याच लोकांत बसून, शेंगा खात, आमच्यासारखाच कोचवर चिडला होता. मग तो म्हणाला, "चलो जी. ऐसे बंदे के पीछे क्या जाना." आणि माझे आभार मानून त्यानं फोन ठेवला.

मी तेच शब्द कोचसाहेबांना सांगितले. त्यांनी डोळे मिटले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून शाबाश पुत्तर म्हणाले आणि कठडा धरत एकेक पायरी उतरू लागले. त्या गुडघ्यांना जिना फार जड जायचा. मी दारात उभी राहून बघत होते. मी बोलले ते खोटं आहे, तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण गल्ली जागी झाली होती आणि सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या.